नानाकाकांचा पाइंट १६ला की १७ला?

छोटी (लंडन): दादा, आमचं विमान १६ला दुपारी उतरतंय. हे विचारतायत, घरी प्यायला बियर कुठली आणि किती आणायची? १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, तुमच्याकडे नक्की काय पितात?

दादा (डब्लिन): लंडनहून काही आणू नका, इथे सगळं मिळतं. जास्त करून स्टाउटच, म्हणजे काळी बियर पितात, पण घरच्यांना काय आवडेल ते बघून घेऊ.

नानाकाका: माझी एक फर्माईश. नाशिकचे मित्र म्हणाले, हिरवी बियर प्यायल्याशिवाय परत येऊ नकोस.

दादा: काका, ती अमेरिकेतली पद्धत. साध्या लागरमध्ये, म्हणजे फिकट पिवळ्या बियरमध्ये, खायचा हिरवा रंग घालतात. शिकागोत १९६२पासून नदीसुद्धा हिरवी करतात. इथे पर्यटकांसाठी एखादा पब देतही असेल, पण डब्लिनची माणसं ती मागत नाहीत. इतक्या लांब येऊन तुम्ही रंगाचं पाणी प्यावं असं मला मुळीच वाटत नाही.

वहिनी: उलट कितीतरी वर्षं या दिवशी इथले पब बंदच असायचे. १९२७च्या कायद्याने बंदी आली, ती १९६१ला उठली. मुळात हा संताचा दिवस, सकाळी चर्चला जायचा. तो ईस्टरआधीच्या उपासांत येतो आणि त्या एका दिवसापुरती उपासातून सूट असते.

आत्या: उपासावरून आठवलं. १७ला मंगळवार आहे ना? नाना, तुझ्या मंगळवारचं काय?

नानाकाका: गणपतीचा मंगळवार मी कधी मोडलेला नाही, डब्लिनमध्येही मोडणार नाही. मला कसली सूट नको.

काकू: मग बियरच्या इतक्या गप्पा कशाला मारताय!

दादा: काकू, उलट हे बरंच झालं. काकांचा पाइंट, म्हणजे मोठा ग्लासभर बियर, आपण १६ला संध्याकाळी पिऊ. मंगळवार नसता तरी मी हेच सांगितलं असतं. १७ला मिरवणूक संपली की शहरातल्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि बारवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. स्टाउट तर भरायलाच वेळ मागते. ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून पाऊण भरायचा, तसाच ठेवायचा, सगळं शांत झालं की वरचा भाग भरायचा. गिनेस ही इथली प्रसिद्ध स्टाउट, ते या सगळ्याला ११९.५ सेकंद सांगतात. गर्दीत हे नीट होत नाही, आणि पहिलाच पाइंट घाईत भरलेला मिळाला तर लोक म्हणणार, एवढं काय त्यात!

नानाकाका: थांबायचं कशासाठी पण?

दादा: नायट्रोजनमुळे. बहुतेक बियरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचे बुडबुडे मोठे आणि जिभेला टोचणारे. गिनेसने १९५९मध्ये नायट्रोजन वापरायला सुरुवात केली. टॅपला जोडलेल्या गॅसमध्ये साधारण पाऊण भाग नायट्रोजन असतो. त्याचे बुडबुडे अगदी बारीक, म्हणून फेस सायीसारखा घट्ट. भरल्यावर ग्लासकडे नीट बघा, काचेजवळचे बुडबुडे खाली जाताना दिसतात. मधले वर चढतात आणि कडेचं द्रव खाली ओढलं जातं, त्याच्याबरोबर तेही. काका, हे तुम्ही बघावं अशी माझी फार इच्छा आहे. आणि पिताना नुसता फेस चाखू नका, चांगला मोठा घोट घ्या. काळं खालून यायला हवं.

वहिनी: गिनेसचं इतकं कौतुक झालं, आता माझं ऐका. मी कॉर्क शहरात नोकरी केलीय. तिथे मर्फीज आणि बीमिश या दोन स्टाउट आहेत. बीमिश १७९२ची, मर्फीज १८५६ची. बीमिशची जुनी ब्रुअरी, म्हणजे बियरचा कारखाना, साउथ मेन स्ट्रीटवर होती, ती २००९ला बंद झाली. आता दोन्ही मर्फीजच्याच ब्रुअरीत बनतात. पहिल्यांदा पिणाऱ्याला मी मर्फीज देईन, जास्त मऊ आणि कमी कडू. कॉर्कमध्ये माझ्यासमोर कोणी गिनेस मागितली की शेजारचे वळून बघायचे.

दादा: घरी दोन्ही ठेवू. शेजारी शेजारी पिऊन बघणं हीच खरी मजा.

काकू: काळी म्हणजे कडक असेल ना? मला एखादा घोट घ्यायचाय, पण डोकं जड नको व्हायला.

दादा: काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, त्याचा कडकपणाशी संबंध नाही. टॅपच्या गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, मर्फीजमध्ये ४. आपल्याकडच्या स्ट्राँग बियरच्या जवळपास निम्मं. फक्त गिनेसची फॉरेन एक्स्ट्रा लिहिलेली बाटली बाजूला ठेवा, ती ७.५ टक्के आहे. आणि तुम्हाला खरं तर स्मिदिक्स आवडेल असं वाटतं. एल प्रकारची तांबूस बियर, ३.८ टक्के, किंचित गोडसर. किल्केनी गावात १७१०ला सुरू झालेली.

आत्या: मी पिणार नाही, पण शाकाहारी माणसांसाठी विचारते. बियरमध्ये मासे घालतात असं कुठेतरी वाचलं होतं.

वहिनी: आत्या, बरोबर वाचलंत. पूर्वी बियर निवळवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरायचे. गिनेसने ते आता बंद केलंय. पण पोर्टरहाउस ब्रुअरीची ऑयस्टर स्टाउट मात्र घेऊ नका, तिच्यात खरोखरचे कालव असतात. तुमच्यासाठी गिनेस ०.० आणेन. ती नेहमीसारखी बनवून नंतर गाळून अल्कोहोल काढतात, फार तर ०.०५ टक्के उरतं. एकदा वास घेऊन बघा, कॉफीची आठवण येते.

नानाकाका: मग मंगळवारी ती मला चालेल का?

आत्या: नाना, बार्ली धान्य आहे.

नानाकाका: बरं. नको.

छोटी: १७ला खरेदी कधी करायची? आणि पिल्लूला पबमध्ये घेतील?

दादा: त्या दिवशी दुकानात बियर दुपारी साडेबारानंतरच विकतात, रात्री दहापर्यंत. म्हणून कॅन मी १६लाच आणून फ्रिजमध्ये ठेवतो. पिल्लू तुमच्याबरोबर रात्री नऊपर्यंत पबमध्ये बसू शकतो. गाडी मात्र कोणी काढायची नाही, आपण लुआस ट्रामने जाऊ. इथे रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि एका पाइंटवरसुद्धा मला ती आजमावायची नाही.

वहिनी: कॅन उघडताना आत काही खडखडलं तर घाबरू नका. स्टाउटच्या कॅनमध्ये नायट्रोजनचा छोटा प्लॅस्टिकचा गोळा असतो, फेस त्याच्यामुळेच येतो. कॅन तोंडाला लावायचा नाही, पाइंटच्या मोठ्या ग्लासात एका दमात ओतायचा. रिकामे कॅन चेपू नका, मशीनमध्ये परत दिले की प्रत्येकी १५ सेंट मिळतात.

काकू: खायला काय? चकली आणलीय मी.

वहिनी: चकली उत्तम! सोडा ब्रेड आणि लोणी मी ठेवते. मिसळ मात्र स्टाउटबरोबर नको, तिखट आणि कडू एकमेकांवर चढतात. करायचीच असेल तर स्मिदिक्सबरोबर. आणि १९ला पाडवा आहे, श्रीखंडाचा चक्का मी १८लाच टांगणार आहे. फ्रिजचा एक कप्पा मला लागेल. सगळीकडे कॅन भरू नका.

दादा: अजून एक, राउंडचं. कोणी आपल्यासाठी पाइंट आणला की पुढचा आपण आणायचा, ही इथली रीत सगळे मनापासून पाळतात. एकच प्यायचा असेल तर सुरुवातीलाच सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

नानाकाका: एकच पिणार आणि पैसे मी देणार. मला तो भरताना बघायचाय, म्हणून बारजवळची जागा हवी.

दादा: मग साडेचारला निघू. पाचनंतर ऑफिसं सुटतात.