इक्वितोसला निघालेले कुटुंब आणि ‘प्रकाश न पोहोचलेले अरण्य’

पावसाळी :

गेल्या रविवारी ‘नगरचा नातू’ यांनी येथे एक निवेदन लिहिले होते. डॅलस येथील त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतील एक कुटुंब, नवरा-बायको आणि तीन लहान मुले, राहते घर विकून पेरू देशातील इक्वितोस या जंगलातल्या शहरी मिशनरी सेवेसाठी निघाले आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि शक्य असेल त्यांनी दरमहा काही मदत पाठवावी, असा त्याचा आशय होता. तेवढ्यावर माझे काही म्हणणे नव्हते. परंतु त्यात ‘जिथे अजून कोणी प्रकाश नेला नाही अशा अरण्यात’ असे शब्द होते आणि त्याखाली अनेकांनी ‘आमेन’ लिहिले. ते शब्द चार दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

मलेरियाच्या डासांवरील संशोधनासाठी मी इक्वितोसमध्ये दोन पावसाळे काढले आहेत. काही लाख वस्तीचे ते शहर आहे, आणि बाहेरच्या जगातून तिथे विमानाने किंवा नदीनेच जावे लागते. शहरातून निघणारा एक मोठा रस्ता नौता गावापर्यंत, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर जातो आणि तिथे संपतो. रस्ता नाही म्हणजे कोणी गेलेच नाही, असा समज होणे सोपे आहे. पण या भागात, ज्याला तेव्हा माय्नास म्हणत, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू १६३८ साली पोहोचले होते आणि इक्वितोसचे मूळही अठराव्या शतकातल्या त्यांच्याच एका वसाहतीत आहे. विखुरलेल्या लोकांना त्यांनी नदीकाठी एकत्र वसवले आणि त्या दाटीत देवीच्या साथींनी गावेच्या गावे रिकामी केली. स्पेनच्या राजाच्या १७६७ च्या हुकुमाने जेझुइट गेले. पुढे रबराचे दिवस आले. हुलिओ सेसार आराना याच्या कंपनीने पुतुमायो नदीच्या खोऱ्यात माणसांना फटके मारून, उपाशी ठेवून रबर गोळा करवले, आणि त्याची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट १९१० साली इक्वितोसलाच उतरले होते. अगस्तीनियन संघाचे धर्मगुरू त्याआधी, १९०१ पासून, शहरात होते आणि आजही आहेत. इव्हँजेलिकल प्रार्थनाघरे तर मला गल्लोगल्ली दिसली. इतक्या वेळा ‘प्रकाश’ आलेल्या शहराला अंधारातले म्हणणे हे त्या शहराचा इतिहास पुसून टाकणे आहे.

एक प्रसंग सांगते. बेलेन वस्तीत, जिथे घरे खांबांवर किंवा ओंडक्यांच्या तराफ्यांवर उभी असतात आणि पुराच्या महिन्यांत शेजारच्या घरीही होडीने जावे लागते, तिथे मासळी विकणाऱ्या, कुकामा या तिथल्या आदिवासी जमातीतल्या एका बाईंकडे मी जेवायला जात असे. त्यांचा धाकटा भाऊ मारान्योन नदीत बुडाला होता आणि त्याचा देह मिळाला नव्हता. असा माणूस नदीच्या तळाशी असलेल्या नगरांत राहतो, तिथे त्याचा संसार असतो आणि तो स्वप्नात येऊन घरच्यांची विचारपूस करतो, अशी कुकामांची श्रद्धा आहे. एका पाळकाने बाईंना सांगितले की स्वप्नात येतो तो भाऊ नसून सैतान आहे, आणि त्याच्याशी बोलणे पाप आहे. बाई त्यानंतर कित्येक महिने रात्री झोपायला घाबरत होत्या. तुमच्या मंडळीतले कुटुंब त्या बाईंच्या दारात उभे राहील तेव्हा त्यांना काय सांगणार आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

नगरचा नातू :

ताई, ते शब्द माझे आहेत आणि ते मी उपासनेच्या भाषेत लिहिले होते. आमच्याकडे ‘प्रकाश’ हा एकेका अंतःकरणात येतो. शहरात आधी किती चर्च बांधले गेले यावर तो मोजला जात नाही. तरीही तुम्ही सांगितलेला इतिहास मला ठाऊक नव्हता हे मान्य करतो.

परंतु माझी बाजूही ऐका. माझ्या आजीची आजी बालविधवा होती. अहमदनगरच्या मिशनच्या शाळेत ती अक्षरे शिकली, पुढे स्वतः शिक्षिका झाली, आणि म्हणूनच आज मी इथे लिहू शकतो. सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला उतरली आणि मुलींना शिकवता शिकवता १८६२ साली नगरलाच वारली. ‘या प्रांतात कीर्तनकार आहेत, पाठशाळा आहेत, इथे अंधार नाही, परत जा’ असे तिला कोणी सांगितले असते आणि तिने ते ऐकले असते, तर माझ्या घराचे काय झाले असते? पाठशाळा होत्याच, पण माझ्या पणजीच्या आईला त्यांचे दार उघडे नव्हते. इक्वितोसमध्येही शंभर प्रार्थनाघरे असतील आणि एखादी बाई त्या सगळ्यांच्या बाहेर उभी असेल. या कुटुंबातील पत्नी परिचारिका आहे, पती विजेची कामे करतो. ते कोणाच्या स्वप्नांवर पहारा ठेवायला जात नाहीत.

सह्याद्रीवाट :

हे नेहमीचेच आहे. आधी परिचारिका येते, मग औषध येते, आणि औषधाच्या पाठोपाठ अट येते.

मी जव्हारच्या बाजूचा आहे. आमच्या पाड्यावर माझा सख्खा काका एका प्रार्थना-गटात गेला आणि त्यानंतर आजोबांच्या दिवसकार्याला त्याने पाऊल टाकले नाही, कारण त्याला ते ‘भुतांचे काम’ आहे असे शिकवले गेले होते. आजी दारात उभी राहून त्याची वाट पाहत होती. त्या बाईंच्या भावाची गोष्ट वाचताना मला आमची आजी दिसली. तुमच्या घरात शाळा आली म्हणून तुम्ही ऋणी आहात, हे मी समजू शकतो. पण आमच्या घरात जे तुटले त्याचा हिशेब कोणत्या मंडळीने ठेवला आहे? लोकांची सेवाच करायची असेल तर देवाचे नाव न घेता करावी. मलेरियाची गोळी तशीही काम करते.

बोरूबहाद्दर :

मूळ प्रश्नापेक्षा मला भाषेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आपण ज्या मराठीत हे भांडण करीत आहोत तिचे एक सुरुवातीचे छापील व्याकरण विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली काढले. ज्या लोकांना आपल्या भाषेची लाज वाटायला शिकवले जाते, त्यांच्या भाषेचे टिपण ठेवायला बहुतेक वेळा मिशनरीच पुढे येतो, कारण त्याला तिच्यात शास्त्र सांगायचे असते. हेतू काहीही असो, व्याकरण मागे उरते. पेरूमध्येही तेच झाले. अगस्तीनियन धर्मगुरू लुकास एस्पिनोसा यांनी १९३५ साली कुकामांच्या भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९४६ पासून समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स या मिशनरी संस्थेच्या लोकांनी पुकाल्पाजवळच्या यारिनाकोचा सरोवराकाठी तळ उभारून कितीतरी आदिवासी भाषा लिहून काढल्या आणि १९५० च्या दशकात त्या त्या जमातीतले शिक्षक तयार केले. ‘पावसाळी’ यांच्या लेखात देवीची साथ आहे, रबर आहे, पण हे नाही.

पावसाळी :

नाही, कारण मी व्याकरणाविषयी लिहीत नव्हते. परंतु मुद्दा काढलाच आहे तर पूर्ण काढू. कॅरींच्या मराठी व्याकरणामागे वैजनाथ पंडित होते. त्यांचे नाव तुम्ही गाळलेत. यारिनाकोचाच्या तळामागेही ज्या शेकडो माणसांनी महिनोन्‌महिने बसून शब्द सांगितले, त्यांची नावे तुम्हाला किंवा मला माहीत नाहीत. तिथे भाषा लिहिली गेली ती बायबलच्या भाषांतरासाठी, आणि त्या संस्थेविरुद्ध पेरूमध्येच इतका असंतोष माजला की १९७६ साली लष्करी सरकारने तिला देश सोडायला सांगितले होते.

बोरूबहाद्दर :

आणि तो आदेश पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, हेही सांगा. अर्धेच सांगायचे असेल तर दोघांनीही सांगू नये. वैजनाथ पंडितांविषयी तुमचे म्हणणे बरोबर आहे, ती माझी चूक. पण मला एक सांगा. ज्या बाईंकडे तुम्ही जेवत होता, त्या तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलत?

पावसाळी :

स्पॅनिशमध्ये. त्यांना कुकामा समजत असे, पण त्या ती बोलत नसत, कारण लहानपणी शाळेत आपल्या भाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. आपल्या मुलांना तरी ती शिक्षा होऊ नये म्हणून त्यांनी घरातही ती भाषा बंद केली. मला त्या घरात कुकामा ऐकू आली ती फक्त त्यांच्या आईच्या तोंडून, आणि तीही म्हातारी झोपेत बोलत असे तेव्हा.

बोरूबहाद्दर :

शिक्षा करणारी ती शाळा सरकारी होती की मिशनची?

पावसाळी :

सरकारी होती. मला कळते आहे तुम्ही हे का विचारले. ठीक आहे, भाषा मारण्याचे सगळे पाप मिशनच्या खात्यावर टाकता येणार नाही, एवढे मान्य करते. त्याहून एक शब्द जास्त नाही.

वसईकर :

मी कॅथलिक आहे आणि या धाग्यात ‘मिशनरी’ हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरला जातो आहे, याचा मला मनापासून त्रास होत आहे. नौता गावात उकामारा नावाचे एक रेडिओ केंद्र आहे आणि ते इक्वितोसच्या कॅथलिक धर्मप्रांताचे आहे. त्याच केंद्राने कुकामा म्हाताऱ्यांना बोलावून मुलांसाठी भाषेची शाळा चालवली, आणि नदीत राहणाऱ्या बुडालेल्या नातलगांच्या कथा सैतानाच्या म्हणून दडपण्याऐवजी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. मारान्योन नदीवर तेलाच्या नळातून गळती होत राहिली तेव्हा मारी लुस कानाकिरी यांच्या नेतृत्वाखाली कुकामा स्त्रिया न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२४ मध्ये नौताच्या न्यायालयाने त्या नदीला स्वतःचे हक्क असल्याचे मान्य केले. आपले आप्त जिथे राहतात ते पाणी विषारी होऊ देणार नाही, हीच त्या बायकांची भूमिका होती. ज्या श्रद्धेला एका पाळकाने सैतान म्हटले, तिच्याच बळावर नदी वाचवण्याची लढाई उभी राहिली.

आणि ब्रदर पॉल मॅकॉली यांना विसरू नका. ला साल या कॅथलिक संघाचे हे ब्रिटिश बंधू इक्वितोसमध्ये राहून आदिवासींना जंगलावरच्या हक्कांविषयी सांगत असत, म्हणून २०१० साली सरकारने त्यांना देशाबाहेर घालवण्याचा आदेश काढला होता. ते गेले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये बेलेनमध्येच, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात त्यांचा जळालेला मृतदेह सापडला. ‘सह्याद्रीवाट’ यांनी मागितलेला हिशेब जरूर ठेवावा, पण मग त्यात हेही नाव लिहावे.

सह्याद्रीवाट :

लिहितो. त्यांच्यापुढे माझी मान खाली आहे. परंतु त्यांनी कोणाला दिवसकार्यापासून तोडल्याचे मी वाचलेले नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. डॅलसचे कुटुंब मॅकॉलींच्या वाटेने जाणार आहे की माझ्या काकाला शिकवणाऱ्याच्या, हे त्यांना दरमहा पैसे पाठवणाऱ्यांनी विचारले आहे का?

आणखी एक. तीन लहान मुलांना तिथे नेण्याचा अधिकार आईबापांना कोणी दिला? २० एप्रिल २००१ रोजी इक्वितोसकडे येणारे मिशनऱ्यांचे छोटे विमान अमली पदार्थ नेणारे समजून पेरूच्या हवाई दलाने गोळ्या घालून पाडले. त्यात एक आई आणि तिची तान्ही मुलगी मेली. देवाने बोलावले असेल तर मोठ्यांना बोलावले असेल.

नगरचा नातू :

ती घटना आमच्या मंडळीत प्रत्येकाला माहीत आहे आणि या कुटुंबालाही ती माहीत आहे. त्या माउलीच्या मृत्यूचा असा हत्यार म्हणून वापर करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मुले आईबापांबरोबर जातात. बेलेनमध्येही मुले वाढतातच ना? त्यांच्या आईबापांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पावसाळी :

बेलेनच्या आईबापांना दुसरे घर नाही, म्हणून विचारत नाही. पण मुलांचा मुद्दा मी पुढे नेणार नाही, तो ज्याचा त्याने सोडवावा. मला दोन गोष्टी सांगा. ते किती वर्षांसाठी जात आहेत, आणि स्पॅनिश किती शिकले आहेत?

नगरचा नातू :

काल रात्री फोन करून विचारले. करार दोन वर्षांचा आहे, नंतर तो वाढवता येतो. स्पॅनिशचा चार महिन्यांचा वर्ग झाला आहे.

पावसाळी :

चार महिन्यांच्या स्पॅनिशमध्ये मासळीचा भाव विचारता येतो. कोणाचा भाऊ कुठे गेला, हे विचारण्याइतकी ती भाषा पहिल्या पावसाळ्यात मलाही येत नव्हती, आणि मी घरातून शिकून गेले होते. त्या पहिल्या वर्षात मी त्या लोकांविषयी जे जे समजले असे मानत होते, त्यातले निम्मे चूक निघाले. परिचारिका म्हणून त्या बाई पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतील, हे मला मान्य आहे. २०२० च्या मे महिन्यात इक्वितोसच्या रुग्णालयांत ऑक्सिजनअभावी माणसे मरत होती, तेव्हा माल्टाहून आलेल्या एका धर्मगुरू-डॉक्टराने लोकांकडून पैसे जमवून ऑक्सिजनचा प्रकल्प आणवला, हे त्या शहरात कोणीही सांगेल. पण ते डॉक्टर तिथे अनेक वर्षे राहिलेले होते. कोणाला हाक मारायची आणि कोण धावून येईल हे त्यांना ठाऊक होते. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की पहिली दोन वर्षे या कुटुंबाने उपदेश करू नये. इंजेक्शने द्यावीत, तारा जोडाव्यात आणि ऐकावे.

नगरचा नातू :

उपदेश करू नये असे मी त्यांना सांगणार नाही. सुवार्ता सांगण्यासाठीच ते जात आहेत. ते लपवून गेले तर ती फसवणूक होईल आणि मग ‘सह्याद्रीवाट’ यांचा आरोप खरा ठरेल. इथे तुमचे-माझे जमणार नाही.

‘प्रकाश न पोहोचलेले’ हे शब्द मात्र आज मी निवेदनातून काढले. मदतीचे आवाहन ठेवले आहे. आणि तुमची हरकत नसेल तर त्या बाईंची आणि त्यांच्या भावाची हकीकत इंग्रजीत करून या परिचारिकेला निघण्यापूर्वी वाचायला द्यावी, असा माझा विचार आहे.

पावसाळी :

हरकत माझी नाही, पण हकीकतही माझी नाही. ती ज्यांची आहे त्यांना विचारावे लागेल. त्या रोज पहाटे बाजारात जातात आणि फोन फक्त रविवारी दुपारनंतर उचलतात. येत्या रविवारी विचारते. त्या नाही म्हणाल्या, तर द्यायची नाही.