अनुभव धागा: काम करताना घेतलेली छोटी विश्रांती

गेली अठरा वर्षे मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. सलग वाचत राहिले की डोळे ओळीवरून नुसते सरकतात, आणि मनाला जे अपेक्षित असते तेच वाचले जात असल्याने ‘पाणी’चे ‘पाणि’ झालेले दिसत नाही. म्हणून दर फॉर्म्यानंतर, म्हणजे १६ पानांनंतर, मी लाल पेनाला टोपण लावतो आणि खिडकीशी उभे राहून दहा श्वास मोजतो. परतल्यावर शेवटचे पान पुन्हा वाचले, की निसटलेली एखादी वेलांटी बहुतेक वेळा सापडते. आपण कामात केव्हा थांबता आणि त्या वेळात काय करता, ते सविस्तर लिहावे. ‘चहा घ्या’ हा सल्ला आम्ही आधीपासूनच पाळतो.

रोखपाल, सहकारी बँक, सांगली
फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि मग थोडी विश्रांती असा जो पायंडा पाडला, तो विद्यार्थ्यांना सोयीचा असेल; काउंटरसमोर पंधरा माणसे उभी असताना मला उठता येत नाही. एका सोमवारी एका ग्राहकाशी बाचाबाची झाली, तीच मनात घोळवत मी पुढच्या नोटा मोजल्या, आणि संध्याकाळी रोकड साडेचार हजारांनी कमी भरली. ते पैसे मी पदरचे भरले. तेव्हापासून एकाचा व्यवहार संपला की दोन्ही तळहात काउंटरवर टेकवून, डोळे मिटून तीन श्वास सावकाश सोडते आणि मगच पुढची स्लिप उचलते. यात जेमतेम वीस सेकंद जातात. रांगेतल्या एका आजोबांनी एकदा विचारले, “ताई, देवाचे नाव घेता का?” रांग मोठी होती, म्हणून मी ‘हो’ म्हटले.

संगणक अभियंता, हिंजवडी
विश्रांती म्हणून मोबाईल हाती घेतला की पाच मिनिटांची पंचवीस होतात, हे मला फार उशिरा कळले. आता तो बॅगेत असतो. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. माझ्या वाट्याला समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आली आहे. जागेवरून उठण्यापूर्वी मात्र पुढे काय करायचे ते कागदावर एका ओळीत लिहून ठेवतो, कारण ती ओळ नसली तर परतल्यावर कामाचा धागा सापडत नाही.

शिक्षिका, नाशिक
इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस आनापान शिकवतात: नाकपुड्यांपाशी श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा, तो मुद्दाम बदलायचा नाही. दोन तासांच्या मधल्या वेळात मी तेच करते. शिक्षककक्षात ते जमत नाही, जिन्याच्या वळणावर जमते. सातवी ‘ब’चा तास त्यानंतरही कठीणच जातो, पण आदल्या वर्गाचा राग त्या मुलांवर निघत नाही.