गेमिंगला पीसी बांधू का पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊ?

रंकाळ्याचा_गेमर: भावांनो, साठ हजार साठलेत. राजारामपुरीत दोन दुकानं फिरलो, एकजण पीसी बांध म्हणतोय, दुसरा पीएस५ घे म्हणतोय, डोकं आऊट झालंय. काय करू?

तांबडा_पांढरा: पीएस५ घे अन् गप खेळ लगा. फक्त डिस्कवालाच घे, गेम संपला की डिस्क विकून टाकायची, मी निम्मे गेम असेच फुकटात खेळलोय. माझ्या पीसीचं ऐक, ग्राफिक्स कार्डच्या फॅनमध्ये एवढी धूळ की दर महिन्याला रंगाचा ब्रश घेऊन बसायचो, आई म्हणायची खेळतोस का झाडलोट करतोस.

मिसळ_कट_जादा: ऑनलाईनचं पण सांग की त्याला! पीएस५सारख्या कन्सोलवर विकतचे गेम ऑनलाईन खेळायला प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीचे पैसे वेगळे, पीसीवर तसलं काय नाही, वर स्टीमचा (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) सेल. पण जीटीए ५ कन्सोलवर २०१३ला आला अन् पीसीवर २०१५ला, दीड वर्ष नुसतं बघत बसलेलो.

रंकाळ्याचा_गेमर: ऑटोकॅड पण लागतंय कॉलेजला, कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर.

तांबडा_पांढरा: मग आधी सांगायचं न्हवं! पीसीच बांध. अन् यूपीएस घे, लाईट गेली की सेव्ह गेलं.