मोटारहोमचे शॉक अब्सॉर्बर घट्ट केल्यावर गचके का वाढले?

फिरस्ता_ह्यूस्टन यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही फोर्डच्या एफ-५३ चासीवर (गाडीच्या तळाच्या सांगाड्यावर) बांधलेले, पेट्रोलवर चालणारे ३१ फुटी मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, वापरलेल्या स्थितीत घेतले. आधीच्या मालकाने पुढच्या चाकांना ताठरपणा कमी-जास्त करता येणारे शॉक अब्सॉर्बर (पुढे नुसते शॉक) बसवलेले आहेत. मागचे मात्र मूळचेच असून त्यांतल्या एकावर तेलाचा ओघळ दिसतो. न्यू ऑर्लिन्सला जाताना लाफायेत आणि बॅटन रूज यांच्या दरम्यान दलदलीवरून जाणारा सुमारे १८ मैलांचा पूल लागतो. त्याच्या सांध्यांवर पुढची चाके असे गचके देत होती की कपाटातल्या कपबश्या वाजत राहिल्या. परतल्यावर मी पुढचे शॉक काढून दीड फेरा घट्ट केले, पण गचके उलट वाढले. शिवाय रस्त्यावर मोठा उंचवटा आला की मागचा भाग दोन-तीनदा हेलकावतो. चारही शॉक बदलावेत का, आणि बदलायचे तर बिलस्टाइन कंपनीचे घ्यावेत की कोनीचे?

पाटे_आणि_पिना यांचा प्रतिसाद

आपल्या गाडीत दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांवरचे उपाय परस्परविरोधी आहेत, म्हणून ते आधी वेगळे करू.

गाडीचे वजन पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, पेलतात. शॉक वजन पेलत नाही, तो पाट्यांची हालचाल आवरतो. काढून, पूर्ण दाबून आणि फिरवून जुळवायच्या शॉकमध्ये बहुधा फक्त परतीची हालचाल, म्हणजे दबलेला पाटा पुन्हा उलगडतानाची हालचाल, कमी-जास्त रोखता येते. पुलाच्या सांध्यावर चाक वर उचलले जाते, म्हणजे पाटा उलगडत नाही, दबतो. तिथे आपल्या दीड फेऱ्याचा उपयोग शून्य. नुकसान मात्र होते, कारण परतीची वाट फार अडवली की पाटा पुरता उलगडण्याआधीच पुढचा सांधा येतो, आणि लागोपाठच्या सांध्यांवर असे होत गेले की चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होत होत शेवटी आस (दोन्ही चाकांना जोडणारा कणा) त्याची धाव थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर आदळू लागतो. आपल्याला जाणवलेली वाढ हीच असावी, असे मला वाटते.

पुढचे शॉक सर्वांत सैल स्थितीवर आणा आणि तेथून एका वेळी अर्धा फेराच चढवा. दोन्ही बाजूंचे फेरे सारखे ठेवा, प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने जाऊन पाहा आणि निरीक्षण वहीत लिहून ठेवा. चार दिवसांनी कोणाचीही आठवण भरवशाची राहत नाही.

मागचा हेलकावा हा थकलेल्या शॉकचा दोष आहे. तेल गळत असलेला शॉक जुळवून काही साधत नाही, दोन्ही बदला.

वजनकाटा यांचा प्रतिसाद

शॉकला हात लावण्यापूर्वी टायरमधली हवा पाहिली का? टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल भाराच्या वेळचा असतो, आणि पुष्कळ दुकानांत तोच भरून देतात. पाणी, सामान आणि माणसांसह गाडी ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर नेऊन प्रत्येक आसावरचे वजन वेगळे घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. पाण्याची ७५ गॅलनची टाकी भरली की सुमारे ६२५ पौंड वाढतात, आणि ती मागच्या आसाच्याही मागे असेल तर पुढचा आस हलका होतो.

फिरस्ता_ह्यूस्टन

आपणा दोघांचेही निदान बरोबर निघाले. टायरच्या दुकानाने पुढे ११० पीएसआय हवा भरली होती, तर चालकाच्या आसनाजवळच्या पट्टीवर ८२ लिहिलेले आहे. पूर्ण भरलेल्या गाडीत पुढच्या आसावर ६,४०० पौंड आले. तक्त्याप्रमाणे एवढ्या भाराला ८२ पुरेसे आहे. हवा थंड टायरमध्ये तेवढीच ठेवून आणि शॉक सैल करून अर्धा फेरा चढवल्यावर सांधे जाणवतात, पण हाताला धक्का बसत नाही. आता प्रश्न उरला मागच्यांचा. वळणावर गाडी कलते, तेही शॉकने सुधारेल का?

पाटे_आणि_पिना

कलण्याचा वेग थोडा कमी होईल, पण शेवटी गाडी किती कलेल ते शॉक ठरवत नाही. ते काम पाटे आणि आडव्या स्वे-बारचे, म्हणजे गाडीचे कलणे रोखणाऱ्या पोलादी दांड्याचे, आहे. एफ-५३ च्या अनेक चासींवर या बारच्या टोकांना दोन-दोन भोके असतात. त्यांत अडकवलेली जोडदांडी बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात नेली की बारचा हात आखूड होऊन तो ताठर होतो, आणि याला खर्च नाही. फक्त एकच चाक खड्ड्यात गेले तर धक्का पूर्वीपेक्षा जास्त जाणवेल. हे आधी करून पाहावे.

मागच्या शॉकबद्दल म्हणाल तर बिलस्टाइनचे एकनळी, वायुदाबाचे शॉक मोठ्या संथ हेलकाव्यांना चांगले आवरतात. कोनीच्या एफएसडी शॉकमध्ये बारीक, जलद हालचालींच्या वेळी तेलाला आणखी एक वाट मिळते, त्यामुळे सांध्यांवर ते मऊ वाटतात. आपला बहुतेक प्रवास काँक्रीटच्या महामार्गांवर असेल, तर मी कोनी घेईन.

वायुदाबाचा शॉक घेतलात तर त्याला दाबून ठेवणारी बांधणीची पट्टी कापताच दांडा जोराने बाहेर येतो. हात आणि चेहरा दूर ठेवा. शॉकच्या टोकांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. आणि उभी गाडी समपातळीत आणणाऱ्या तिच्या स्वतःच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.