हिमगौरी आपटली, पण खापर एकट्या रेचल झेग्लरवर का?

सांजवारा (एडिसन, न्यू जर्सी)

परवा पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. रेचल झेग्लरचं नाव निघालं आणि ती फाडकन म्हणाली, "ती तोंडाळ पोरगी ना? डिस्नेचा सिनेमा बुडवला तिने." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

रेचल हॉलिवूडची नटी, आमच्या न्यू जर्सीची. ३ मे २००१ ला हॅकनसॅकला जन्मली. आईकडून कोलंबियन, वडिलांकडून पोलिश. शाळेच्या नाटकांत गाणारी मुलगी. जानेवारी २०१८ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'वेस्ट साइड स्टोरी'साठी कलाकार हवेत अशी खुली हाक ट्विटरवर आली आणि हिने स्वतःच्या गाण्याचे व्हिडिओ पाठवले. वय १६. तीस हजारांहून जास्त मुलामुलींनी प्रयत्न केला होता. वर्षभर चाचण्या चालल्या आणि नायिकेची, मारियाची भूमिका हिला मिळाली.

ती निवड किती मोठी होती हे समजायला १९६१ चा याच नावाचा जुना सिनेमा आठवावा लागतो. त्यातली मारिया पोर्तोरिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाची, पण काम केलं नॅटली वुडने, आणि गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात. रीटा मोरेनो स्वतः पोर्तोरिकन आणि त्याच सिनेमासाठी ऑस्कर मिळवलेली. तिने सांगितलंय की सगळ्या पोर्तोरिकन पात्रांच्या तोंडाला एकच गडद रंग फासला जायचा. साठ वर्षांनी त्याच भूमिकेत एक लॅटिना (लॅटिन अमेरिकन वंशाची) मुलगी स्वतःच्या गळ्याने गायली आणि पहिल्याच सिनेमाला गोल्डन ग्लोब पुरस्कार घेऊन आली.

मग २०२१ मध्ये डिस्नेच्या नव्या 'स्नो व्हाइट'मध्ये, म्हणजे आपल्या 'हिमगौरी'मध्ये, नायिका म्हणून तिचं नाव जाहीर झालं आणि शिव्या सुरू झाल्या. कोलंबियन आईची मुलगी बर्फासारखी गोरी कशी? आपल्या मराठी नावातही 'गौरी' आहेच. मी लेकीला ही गोष्ट सांगायचे तेव्हा 'गोरीपान' शब्दावर नेहमी अडखळायचे, कारण माझी लेक सावळी. सिनेमाने त्यावर वाट काढली: राजकन्या हिमवादळात जन्मली म्हणून तिचं नाव तसं. मला ती फार आवडली.

२१ मार्च २०२५ ला सिनेमा लागला. खर्च २५ कोटी डॉलरच्या वर, जगभरची कमाई साधारण २०.५ कोटी. इतका मोठा खड्डा एका पोरीने खणला हे मला पटत नाही.

तिकीटबारी

ताई, मी मुंबईत सिनेमाच्या वितरणात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून बाजारातून बोलतो. रंगावरून तिला जे बोललं गेलं ते हलकट होतं, त्यात दुमत नाही. पण तो मुद्दा वेगळा ठेवा.

२०२२ मध्ये प्रसिद्धीच्या मुलाखतींत ती काय म्हणाली? मूळ कार्टून १९३७ चं आहे आणि ते दिसतंच; त्यातला राजपुत्र तर मुलीच्या मागे लागलेला माणूस आहे; आमची नायिका खऱ्या प्रेमाची स्वप्नं बघत बसणार नाही. अहो, ज्या आया आणि आज्या पोरांचा हात धरून थिएटरात येणार, त्यांच्या बालपणीची ती लाडकी गोष्ट! त्यांना पहिल्या दिवशीच 'तुमचं चुकलं होतं' असं ऐकवायचं? त्या क्लिप्स अडीच वर्षं फिरत राहिल्या.

२०२३ च्या 'लिटिल मरमेड'मध्ये हॅली बेली होती. कृष्णवर्णीय जलपरी म्हणून तिलाही तेवढ्याच घाणेरड्या शिव्या पडल्या. तिने मूळ सिनेमाला नावं ठेवली नाहीत. कमाई ५६ कोटी डॉलरच्या वर. आणि प्रेक्षक जुन्या कार्टूनच्या नव्या सिनेमांना कंटाळले म्हणावं, तर 'हिमगौरी'नंतर दोनच महिन्यांनी आलेल्या 'लिलो अँड स्टिच'ने १०० कोटी डॉलर ओलांडले. 'हिमगौरी'च्या शनिवार सकाळच्या खेळाला मी स्वतः मागे उभं राहून डोकी मोजली होती. नऊ. त्यात पोरं चार.

कडुनिंब

तिकीटबारी, आकडे बरोबर आहेत, पण त्या नऊ डोक्यांना बुटके कसे दिसले ते विचारलंत का? सात बुटके संगणकावर बनवायचे हा निर्णय कोणाचा? जानेवारी २०२२ मध्ये स्वतः बुटका असलेल्या पीटर डिंकलेज या नटाने जाहीर टीका केली होती की नायिका लॅटिना निवडल्याचा अभिमान मिरवता आणि गुहेत राहणाऱ्या बुटक्यांची तीच जुनी गोष्ट सांगता. त्यावर स्टुडिओने पवित्रा बदलला, आणि शेवटी जे आलं ते इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. ट्रेलरखाली सगळ्यात जास्त बोलणं त्या चेहऱ्यांबद्दलच होतं. दिग्दर्शक, निर्माते, स्टुडिओचे साहेब, सगळे अनुभवी. चित्रीकरणाच्या वेळी ही २१ वर्षांची.

अजून एक. २०२३ च्या हॉलिवूडच्या नटांच्या संपात ती म्हणाली होती की एवढ्या गाजलेल्या राजकन्येच्या झग्यात १८ तास उभी राहणार असेन, तर तो सिनेमा ऑनलाइन चालेल त्या प्रत्येक तासाचे पैसे मला मिळायला हवेत. त्यावरूनही तिला माजोरडी ठरवलं. पण संपाचा मुद्दाच तो होता! ११८ दिवस हजारो नट घरी बसले, ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही. ती त्यांच्या बाजूने बोलली.

रोखठोक नाशिककर

संपाचं मान्य. पण ऑगस्ट २०२४ चं काय? ट्रेलर आला, बाईंनी आभार मानले आणि त्याच धाग्यात खाली लिहिलं, पॅलेस्टाइन मुक्त करा. सिनेमातली दुष्ट राणी गॅल गॅडॉट, म्हणजे इस्रायली. 'व्हरायटी' या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकाने नंतर बातमी दिली की त्यानंतर गॅडॉटला जिवे मारण्याच्या धमक्या वाढल्या आणि निर्माते मार्क प्लॅट खास न्यूयॉर्कला जाऊन हिच्याशी बोलले. एकाच ताटात जेवणाऱ्या सहकलाकाराचा विचार करायला नको? नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्यावर पुन्हा संतापाची पोस्ट, मग माफी. बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. पण शेकडो लोकांच्या मेहनतीच्या जाहिरातीला आपलं मत चिकटवणं हा हक्क नाही, असं माझं ठाम मत आहे.

सांजवारा

नाशिककर, धमक्या देणाऱ्यांचा दोष धमक्या देणाऱ्यांच्या पदरात टाका. तिने गॅडॉटचं नाव घेतलं नव्हतं. चार शब्द लिहिले होते, तेही ज्यांची मुलं मरत होती त्यांच्यासाठी. मला त्यात उर्मटपणा दिसत नाही. माफी मागितली ती संतापातल्या भाषेबद्दल, आणि ते योग्यच केलं.

पावसाळी दुपार (लंडन)

मला वादात पडायचं नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. 'हिमगौरी' आपटल्यावर तीनच महिन्यांत ती इथे पॅलेडियम थिएटरला 'एव्हिटा' हे संगीत नाटक करत होती. दिग्दर्शक जेमी लॉइड. नाटकाची नायिका एव्हा पेरॉन, अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको; तिचं ते सगळ्यात गाजलेलं गाणं ती रंगमंचावर गातच नव्हती. थिएटरच्या दर्शनी भागावरच्या सज्जात येऊन खाली आर्गाइल स्ट्रीटवरच्या गर्दीसाठी गायची. आत तिकीट काढून बसलेल्यांना ते पडद्यावर थेट दिसायचं.

मी ऑफिसातून निघून तिथे उभी राहिले. उजेड अजून होता. शेजारी हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई, स्पॅनिशमध्ये फोनवर कुणाला तरी ऐकवत होत्या. सोनेरी केसांचा टोप, पांढरा झगा, ती कठड्याशी आली आणि रस्ता गप्प झाला. ऑक्सफर्ड सर्कसच्या तोंडाशी असलेला रस्ता गप्प होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. फोनवरच्या बाई रडत होत्या. मीही.

तिकीटबारी

छान लिहिलंत. पण मला त्या आत बसलेल्यांचं वाईट वाटतं. महागडं तिकीट काढायचं आणि मुख्य गाणं पडद्यावर बघायचं?

पावसाळी दुपार (लंडन)

तशी कुरकुर इथेही झाली. पण एव्हाचं भाषण सज्जातून लोकांसाठीच असतं. आतल्यांना पडद्यावर खरा जमाव दिसायचा, भाड्याने आणलेला नव्हे. आणि शंभर किलो टीका अंगावर घेतलेली २४ वर्षांची मुलगी आठवड्यातून सात-आठ वेळा उघड्या रस्त्यावर, ध्वनिमुद्रित आधाराशिवाय, अनोळखी लोकांसमोर उभी राहते, हे मला धाडसाचं वाटतं.

तिकीटबारी

आवाजाबद्दल माझा वाद कधीच नव्हता. मुलगी अस्सल आहे. रंगभूमीवर तिची सत्ता राहील असंही वाटतं. पण सिनेमाची प्रसिद्धी हे कामाचाच भाग असतं आणि त्या कामात ती कमी पडली, हे मी शेवटपर्यंत म्हणेन.

सांजवारा

म्हणा. फक्त माझ्या मैत्रिणीचं 'तिने बुडवला' हे वाक्य तुम्हाला मान्य आहे का, तेवढं सांगा.

तिकीटबारी

नाही. बुटके तिने बनवले नाहीत, २५ कोटी तिने उधळले नाहीत, वर्षभर तारीखही तिने पुढे ढकलली नाही. हातभार मात्र तिचा होता. 'हातभार' लिहा, सही करतो.