एटीव्ही पिकअपच्या हौद्यात चढवताना रॅम्प सटकू नये म्हणून काय करावे?

कर्देकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचे छोटे घरगुती निवास आहे आणि पाहुण्यांसाठी आम्ही दोन एटीव्ही (वाळू-मातीत चालणाऱ्या, दुचाकीसारखे हँडल असलेल्या उघड्या चारचाकी गाड्या) ठेवल्या आहेत. लहान गाडी साधारण १२० किलोची आहे, तर मोठी ३०० किलोच्या आसपास भरते. दोन्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी नसल्यामुळे त्या हलवायच्या म्हणजे पिकअपच लागतो. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस त्या दाभोळ–धोपावे फेरीबोटीने खाडीपलीकडे नेऊन गुहागरकडच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत पावसाळाभर ठेवतो.

आजवर पाच फुटांच्या दोन लाकडी फळ्या फाळक्यावर टेकवून आम्ही गाडी चढवत आलो. गेल्या वर्षी पुढची चाके हौद्यात पोहोचली आणि त्याच क्षणी उजवीकडची फळी मागे सटकली. गाडी एका बाजूला कलंडली आणि बाजूला उभा असलेला माझा मामेभाऊ थोडक्यात वाचला; त्याच्या घोट्याला मार बसला तेवढ्यावर निभावले. यंदा नीट रॅम्प करून घ्यायचे ठरवले आहे. पिकअपच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची मी मोजली, ती ३२ इंच आहे. रॅम्प किती लांबीचे असावेत, लोखंडी करावेत की ॲल्युमिनियमचे घ्यावेत, आणि गाडीवर बसून चढवणे योग्य की ओढून घेणे योग्य, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

लोखंडकाम_चिपळूण

आपण लांबीचा प्रश्न आधी विचारला आहे, परंतु गेल्या वर्षीचा प्रकार केवळ फळी आखूड असल्यामुळे झालेला नाही, ती कशालाही बांधलेली नव्हती म्हणून झाला आहे. एटीव्हीची मागची चाके गाडीला जितक्या जोराने पुढे ढकलतात, तितक्याच जोराने ती पायाखालच्या फळीला मागे ढकलत असतात. पुढची चाके हौद्याच्या कडेवर अडखळली की चालवणारा नकळत ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, आणि नेमक्या त्याच वेळी मागची चाके फळीवर असल्यामुळे फळी निघून जाते. त्यामुळे कितीही महागडे रॅम्प आणले, तरी प्रत्येक रॅम्प साखळीने किंवा रॅचेट पट्ट्याने (दात्याच्या खटक्याने ताणून घट्ट करायचा पट्टा) पिकअपच्या चासीला अथवा मागच्या टोइंग हुकाला स्वतंत्रपणे ताणून बांधल्याशिवाय चाक त्यावर ठेवू नये. दिव्यांच्या जाळीला किंवा नंबरपट्टीच्या पत्र्याला बांधणे हे न बांधल्यासारखेच आहे.

आता लांबी. ३२ इंच उंचीला ५ फुटांची फळी लावल्यास चढ सुमारे ३२ अंशांचा होतो, आणि तेवढ्या चढावर चालवणाऱ्यासह बहुतेक वजन मागच्या चाकांवर जाऊन पुढची चाके हलकी पडतात. गाडी मागे उलटण्याची भीती तिथूनच सुरू होते. ७ फुटांचा रॅम्प घेतल्यास चढ २२ अंशांवर येतो आणि ८ फुटांचा घेतल्यास साडेएकोणीस अंशांवर. याहून सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे उंचीच कमी करणे. आपल्याकडे शेताची मेर किंवा रस्त्याकडेचा भराव हाकेच्या अंतरावर असतो. पिकअप खालच्या बाजूला उभा करून त्याचे मागचे तोंड भरावाकडे करावे आणि रॅम्पचा पाय भरावावर टेकवावा. एक फुटाची उंची अशी वाचली, तर उरलेल्या २० इंचांसाठी तोच ७ फुटांचा रॅम्प जेमतेम १४ अंशांचा चढ देतो. भराव मात्र दाबून बसलेला असावा. पहिल्या पावसानंतरची भुसभुशीत माती रॅम्पच्या टोकाखाली खचते.

लोखंडी की ॲल्युमिनियम, यात माझा धंदा लोखंडाचा असूनही मी आपल्याला ॲल्युमिनियम सुचवीन. लोखंडी रॅम्प दोन माणसांनी उचलावा लागतो, आणि खाऱ्या हवेत त्याचे वेल्डिंगचे सांधे रंगाच्या आतून गंजतात, जे वरून दिसत नाही. क्षमता पाहताना गाडी, चालवणारा, टाकीतले पेट्रोल आणि वर बांधलेले सामान असे सगळे वजन धरावे. आपली मोठी गाडी माणसासह ३८० किलोच्या घरात जाते, म्हणून जोडीची क्षमता ७०० किलोंच्या खाली नसावी. छापलेला आकडा एका रॅम्पचा आहे की जोडीचा, हे विकत घेताना विचारून घ्यावे. शक्य असल्यास कमानदार रॅम्प घ्यावेत, कारण सरळ रॅम्पवरून हौद्यात शिरताना कडेवर गाडीचे पोट टेकते आणि चाके अधांतरी फिरत राहतात. फळ्यांचा नाद सोडावा. आंब्याच्या फळीत गाठ कुठे आहे आणि वाळवी कुठे पोहोचली आहे, ते ती मोडल्यावरच समजते.

आणखी एक. रॅम्प उघड्या फाळक्यावर टेकवू नयेत. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या एका टोकावर पडणाऱ्या एवढ्या भारासाठी केलेल्या नसतात. फाळका पूर्ण खाली सोडून किंवा काढून ठेवून रॅम्पची जीभ, म्हणजे वरचे चपटे टोक, थेट हौद्याच्या तळाच्या कडेवर बसवावी.

रेवदंडा_राइडर

वरील उत्तराशी सहमत आहे. बसून चढवण्याबद्दल मात्र थोडे लिहितो, कारण विंच (दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र) सर्वांकडे नसते आणि पुष्कळ लोक शेवटी बसूनच चढवतात.

माझ्या सवयीप्रमाणे मी पिकअप पहिल्या गिअरमध्ये घालतो, हँडब्रेक ओढतो आणि चाकांपुढे लाकडी पाचरी ठोकतो. आपल्याकडे हाताला येईल तो चिऱ्याचा तुकडा चाकाला लावण्याची पद्धत आहे; जांभा दाबाखाली भुगा होतो, हे लक्षात असू द्यावे. हौद्यात केबिनच्या बाजूला एक जुना टायर उभा ठेवतो, म्हणजे गाडी वर आल्यावर थोडी जास्त पुढे गेली तरी मागची काच वाचते. त्यानंतर दोन्ही रॅम्प गाडीच्या चाकांच्या मध्याशी जुळवून घेतो आणि झाडूने स्वच्छ करतो. पुळणीवरून आलेल्या टायरमधून पडणारे वाळूचे कण धातूवर छऱ्यांसारखे घरंगळतात, आणि त्यात टायर ओले असतील तर पकड उरतच नाही.

चढवताना गाडी सर्वांत खालच्या गिअरमध्ये, आणि सोय असेल तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये असावी. रॅम्पला तोंड अगदी सरळ लावावे, सीटवरून थोडे उठून छाती हँडलच्या पुढे न्यावी आणि ॲक्सिलरेटरवरचा अंगठ्याचा दाब न बदलता सावकाश वर जावे. धावत येऊन वेगात चढवणे आणि मधेच थांबणे, दोन्ही वाईट. तरीही इंजिन बंद पडून गाडी मागे घसरू लागली, तर वजन पुढेच ठेवून पुढचा ब्रेक हळूहळू धरावा. घाबरून मागचा ब्रेक एकदम दाबल्यास गाडी पाठीवर उलटते. कोणता लिव्हर कोणत्या चाकांचा आहे, हे आधी सपाटीवर तपासावे, कारण काही गाड्यांत एकाच लिव्हरने चारही चाके धरली जातात. दोन रॅम्पच्या मधल्या पोकळीत पाय टेकायला काहीही नसते, म्हणून पाय पायदानावरून काढू नयेत. हेल्मेट आणि बूट हवेतच. स्लिपर घालून चढवणारे मी पाहिले आहेत.

आपल्या मामेभावासारखा मदतनीस पुढच्या बाजूला, सर्वांना दिसेल असा आणि रॅम्पपासून दूर उभा असावा. मागून ढकलायला कोणीही थांबू नये. ३०० किलोची गाडी मागे आली तर माणूस ती अडवू शकत नाही, पण आयत्या वेळी हात मात्र पुढे करतो.

खाडीकाठचा_म्हातारा

आपण मुलासारखे आहात, म्हणून स्पष्ट लिहितो. गाडीवर माणूस बसवण्याची गरजच काय? पावसाळी मासेमारीबंदीच्या आधी, म्हणजे १ जूनच्या आत, आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढताना होडीत कोणी बसत नाही. दोर, ओंडके आणि धीर एवढ्यावर काम होते. राइडर यांनी लिहिलेले कौशल्य खरे आहे, परंतु ते रोज चालवणाऱ्याचे कौशल्य आहे, आणि आपण वर्षातून दोनदा चढवणार.

लोखंडकामवाल्यांनी दिलेला हिशेब पुढे नेला, तर ३०० किलोची गाडी २२ अंशांच्या चढावर ओढायला सुमारे ११५ किलोंची ओढ लागते आणि १४ अंशांवर ७२ किलोंची. त्यावर चाकांचे घर्षण थोडे धरावे. अर्धा टनाची हातविंच किंवा चेन ब्लॉक हे काम सहज करते. ती हौद्याच्या पुढच्या भक्कम आडव्या पट्टीला अडकवावी, केबिनच्या पत्र्याला नव्हे. दोर गाडीच्या पुढच्या चासीला मध्यभागी बांधावा, म्हणजे ती एका बाजूला खेचली जाणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि एकाने दोराच्या रेषेबाहेर बाजूला उभे राहून हँडल सरळ धरण्यापुरता हात लावावा. ताणलेल्या तारेवर भिजवलेले गोणपाट टाकावे. तार तुटलीच तर गोणपाटाच्या वजनाने ती कमी उसळते. तारेच्या दिशेत उभे राहू नये, हे आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवण्याच्या आधी शिकवतात.

कर्देकर

काका, आपले आणि इतर सर्वांचे मनापासून आभार. हातविंच घेण्याचे निश्चित केले आहे आणि आमच्या वाडीमागे नारळाच्या आळ्यांशेजारी योग्य उंचीचा भरावही सापडला. दोन शंका उरतात. फेरीबोटीवर चढताना आणि पुढे खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हलू नये म्हणून ती कशी बांधावी? आतापर्यंत आम्ही काथ्याची दोरी वापरत होतो. शिवाय गुहागरच्या घरापुढे अंगण सपाट आहे, तिथे भराव नाही. उतरवताना काय करावे?

मालवाहू_६६

मी महामार्गावर पिकअप चालवतो, म्हणून बांधण्याबद्दल लिहितो. काथ्याची दोरी आंब्याच्या पेट्यांना ठीक आहे. नायलॉनची दोरी ताणाखाली लांबते आणि सैल पडते. पॉलिएस्टरचे चार रॅचेट पट्टे घ्यावेत. गाडी केबिनच्या जवळ न्यावी, म्हणजे वजन मागच्या ॲक्सलच्या मागे लटकत नाही आणि चढावर पिकअपचे पुढचे टोक हलके होत नाही. एटीव्ही गिअरमध्ये घालून तिचा पार्किंग ब्रेक लावावा आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. आधी पुढचे दोन पट्टे चासीला अडकवून हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांकडे ओढावेत आणि सस्पेन्शन थोडे दबेपर्यंत ताणावेत; मग मागचे दोन मागच्या कोपऱ्यांकडे. हँडलला किंवा प्लॅस्टिकच्या कॅरिअरला पट्टा लावू नये. पट्टा जिथे पत्र्याच्या कडेवरून जातो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घालावा, नाहीतर दाभोळपर्यंतच तो निम्मा कापला जाईल.

पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर थांबून चारही पट्टे पुन्हा ताणावेत, आणि जेट्टीवर रांगेत असताना आणखी एकदा. बोटीवर चढायचा पाट भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त तिरका असतो आणि त्यावर चाक चढताना पिकअपला एक गचका बसतो. सैल पट्टा असेल तर त्या गचक्यात कळतो. रॅम्प सुटे ठेवू नयेत, तेही बांधावेत.

लोखंडकाम_चिपळूण

उतरवण्याबद्दल. अंगण सपाट असेल तर चढ २२ अंशांचाच राहणार, म्हणून गाडीवर बसून मागे उतरण्याचा विचार करू नये. उतरताना घाबरून मागचा ब्रेक दाबल्यास गाडीचे तोंड वर उचलले जाते. चढवताना वापरलेलीच विंच लावून, दोर आधी पूर्ण ताणून घेऊन, मगच पट्टे एक एक करून सोडावेत आणि गाडी इंचाइंचाने खाली द्यावी. विंच भार धरून ठेवणारी, म्हणजे आपोआप ब्रेक लागणारी असावी. केवळ दात्यावर अडकणारी स्वस्त विंच चढवताना चालते, पण उतरवताना दाता सोडला की हँडल हातातून सुटून गरगरते आणि मनगट मोडते. आपण नवीन घेणारच आहात, तर दुकानात हा फरक आवर्जून विचारावा.

वाटेत रस्त्याकडेला पक्का भराव दिसला तर तिथेच उतरवून पुढे चालवत नेण्याचा मोह होईल. नोंदणी नाही म्हणून तो टाळावा. त्याऐवजी अंगणात पिकअपची मागची चाके उतरतील असा अर्ध्या फुटाचा, दोन्ही बाजूंना निमुळता चर खणून घ्यावा. चढ साधारण १८ अंशांवर येतो.

कर्देकर

चराची कल्पना पटली. पावसाळ्यात तिथे पाणी साचू नये म्हणून काम झाल्यावर तो बुजवून टाकीन. आपोआप ब्रेक लागणारी विंच दापोलीत मिळाली नाही, चिपळुणात मागवली आहे. ती आल्यावर आधी १२० किलोच्या लहान गाडीवर भरावाशी सराव करून मगच मोठीला हात लावणार आहे. मामेभाऊ यंदाही येणार आहे. त्याला बूट घालून यायला सांगितले आहे.