मदत हवी आहे: गेटसमोर सायकलची पट्टी, पट्टीवर भाड्याच्या गाड्या आणि चलान मला!

वैतागलो_०७
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो. आमच्या घरासमोर मे महिन्यात रस्ता हॉटमिक्स केला आणि कडेला हिरवा पट्टा मारून त्यावर सायकलचं चित्र काढलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, सकाळी दार उघडतो तर समोर हिरवंगार. ठीक आहे म्हटलं. आता त्या पट्टीवर एक रेंट-अ-कारवाला सहा-सात गाड्या लावून ठेवतो, काळ्या प्लेटच्या, पावसात टुरिस्ट नाहीत म्हणून त्या हलतच नाहीत, चाकांना शेवाळ धरलंय. एक तर बरोब्बर गेटच्या तोंडावर. आणि गेल्या गुरुवारी ट्रॅफिकवाले आले ते चलान कोणाला देऊन गेले तर मला! ५०० रुपये. त्याच्या गाड्यांकडे बघितलंही नाही. चवथ पंधरा दिवसांवर आली, गणपतीची गाडी आत घ्यायची कशी? तक्रार कुठे करायची, गाड्या कोण उचलतं, लवकर सांगा. "समजुतीने बोला" हे कृपया सांगू नका, ते झालंय.

माड_आणि_पोफळ
कुठलं घर ते तरी सांगा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोवाच आहे. महापालिका, पालिका की पंचायत? रस्ता साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे का? आणि गाड्या त्याच्या तर चलान तुम्हाला कशाचं, ते लिहिलंच नाहीत.

वैतागलो_०७
ताळगाव. रस्ता कोणाचा ते मला काय माहीत, रस्त्यासारखा रस्ता आहे. चलान गाडी बाहेर होती म्हणून.

माड_आणि_पोफळ
ताळगाव म्हटल्यावर तर विचारावंच लागतं, काही भाग पणजी महापालिकेत आणि बाकीचा पंचायतीत. घरपट्टीची पावती काढून बघा कोणाची आहे. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिलात तर तो या टेबलावरून त्या टेबलावर चवथ होईपर्यंत फिरत राहील.

शीतकडी
आरे अर्ज कसले करता. चार चिरे आणायचे आणि रात्री गेटच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. आमच्या म्हापशाला मी तेच केलं, तीन वर्षं झाली, कोणाची हिंमत नाही.

चेनला_तेल
शीतकडी, तुमच्या त्या चिऱ्यांवर रात्री एखादा सायकलवाला आपटला की जबाबदार कोण? रस्त्यावर चिरे ठेवणं हेसुद्धा अतिक्रमणच आहे. मी रोज करंझाळेहून पणजीत सायकलने कामाला जातो. गाड्या परवडल्या, त्या निदान दुरून दिसतात तरी. चिरा, कुंडी, तुटकी खुर्ची, पाण्याचा ड्रम, सगळं लोक आपल्या गेटसमोर मांडून ठेवतात, जसं काही तो रस्ता पणजोबांनी वाटणीत दिलाय.

शीतकडी
गोव्यात सायकल चालवतं कोण? चार महिने पाऊस, चार महिने ऊन. सकाळी रंगीत कपडे घालून मिरामारला दोन फेऱ्या मारायच्या आणि घरी फोटो टाकायचे. त्यांच्यासाठी आमचं पार्किंग घालवलं.

चेनला_तेल
पाव विकणारा पदेर कशावरून येतो तुमच्याकडे? हेलिकॉप्टरने? बांधकामावरचे कामगार संध्याकाळी कशाने घरी जातात? एकाच्याही सायकलला मागे लाइट नसतो, त्यांना ती दीड मीटरची पट्टी म्हणजे जीव आहे. रंगीत कपडेवाल्याला पट्टी नसली तरी चालतं, तो रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना निघतो.

काणकोणची_ताई
पदेराचा विषय निघाला म्हणून लिहिते, आमच्या वाड्यावर आता पदेर दिवसातून एकदाच येतो, पूर्वी सकाळ-संध्याकाळ पोंपों ऐकू यायचं. आणि उंडो पाव केवढासा झालाय! पदेराची पोळी तर अशी की हातात घेतली की कळतच नाही घेतली की नाही.

माड_आणि_पोफळ
ताई, विषय पार्किंगचा चाललाय.

काणकोणची_ताई
हो हो, चालू दे तुमचं. पण खरं तेच लिहिलं.

कोथरूडकर_जुना
आमच्या पुण्यात यावर साधा उपाय आहे. पी-१, पी-२. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या. तुमच्याकडे हे का करत नाहीत कळत नाही. बाकी सायकल ट्रॅक आमच्याकडे कधीपासून आहेत. त्यावर भाजीच्या गाड्या असतात हा भाग वेगळा.

शीतकडी
आलं पुणं.

वकील_नाही_पण
वकील नाही, पण सोसायटीच्या पार्किंगवरून तीन वर्षं भांडलोय तेव्हा थोडं वाचन झालंय. क्रमाने सांगतो.
वाहन चालवण्याचे २०१७चे केंद्राचे नियम आहेत, त्यात फूटपाथवर, सायकल ट्रॅकवर आणि कोणाच्या गेटच्या तोंडावर गाडी लावायला मनाई आहे. म्हणजे तिथे बोर्ड नसला तरी गेटसमोरची गाडी चुकीचीच. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम १२७. सार्वजनिक जागी गाडी १० तास किंवा जास्त बेवारस उभी असेल, किंवा मनाई असलेल्या जागी असेल, तर गणवेशातला पोलीस ती टो करायला किंवा चाकाला क्लॅम्प लावायला सांगू शकतो. तेव्हा तक्रार लेखी करा, फोटो जोडा, सकाळी एक आणि रात्री एक, दोन्हीवर तारीख-वेळ दिसली पाहिजे. अर्ज वाहतूक पोलिसांना, एक प्रत पंचायतीला, आणि दुसऱ्या कागदावर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं.
त्यानेही झालं नाही तर उपजिल्हाधिकारी. सार्वजनिक अडथळा हटवायचा आदेश ते काढू शकतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, पूर्वीचं सीआरपीसी १३३. पण ते चवथीच्या आत होणं कठीण.

वैतागलो_०७
देव बरें करूं, हे कामाचं लिहिलंत. पण १० तासांचा त्याला पत्ता असणार, रोज सकाळी पोरगा येतो आणि प्रत्येक गाडी हातभर पुढे सरकवतो. आणि मी गेटवर "नो पार्किंग, हवा काढली जाईल" असा बोर्ड लावलाय त्याचं काय? त्याला काहीच किंमत नाही का?

वकील_नाही_पण
शून्य. नो पार्किंगची जागा जिल्हाधिकारी अधिसूचना काढून ठरवतात, पेंटरकडून बोर्ड रंगवून ती होत नाही. आणि खरंच हवा काढलीत तर केस तुमच्यावर, उगाच भानगडीत पडू नका.

गिअरवाला
सायकलच्या चेनबद्दल कोणीतरी नाव घेतलंय म्हणून सांगतो, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसात दर आठवड्याला चेन पुसून जाड तेल घालावं, पातळ तेल एका सरीत धुऊन जातं. आणि गिअरची सायकल घेऊ नका, खारा वारा गिअर खाऊन टाकतो. साधी सिंगल स्पीड घ्या.

चेनला_तेल
ते माझं टोपणनाव आहे हो.

रेंटवाला_बार्देश
मी हाच धंदा करतो, दुसरी बाजूपण ऐका. आमचा सीझन ऑक्टोबर ते मार्च, फार तर मे. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने. जून ते सप्टेंबर गाड्या ठेवायच्या कुठे? भाड्याने जागा घ्यायची तर भाटकार, म्हणजे जमीनमालक, सोन्याचा भाव सांगतो. काळी प्लेट दिसली की सगळे दगड घेऊन मागे लागतात, आणि पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाड्या बिनपरमिट भाड्याने फिरतात त्यांना कोण काय विचारत नाही. आम्ही टॅक्स भरतो.

वकील_नाही_पण
टॅक्स भरता म्हणजे रस्ता विकत घेतला असं नाही ना दादा. रेंट-अ-कॅबची स्कीम १९८९ची आहे, त्यात लायसन्सला किमान ५० गाड्या लागतात आणि पार्किंगची सोय आहे असं दाखवावं लागतं. मग दाखवलेली ती सोय आता कुठे गेली? बरेच छोटे मालक दुसऱ्याच्या लायसन्सवर चार-सहा गाड्या चालवतात आणि सोय कागदावर राहते. वैतागलो, ही एक वाट आहे, वाहतूक खात्यात आरटीआय टाका, १० रुपये फी, त्या लायसन्सवर पार्किंग कुठे दाखवलंय ते मागा. ३० दिवस लागतील ते सोडा, पण अर्ज गेल्याचं कळलं की माणूस आपोआप नरम पडतो.

रेंटवाला_बार्देश
सगळेच तसे नसतात. माझं शेड आहे.

माड_आणि_पोफळ
एक विचारायचं राहिलं. हा माणूस तुमच्याच गेटसमोर का लावतो? त्याचं ऑफिस कुठे आहे?

वैतागलो_०७
ऑफिस आमच्याच खालच्या गाळ्यात आहे. पण त्याचा याच्याशी काय संबंध.

माड_आणि_पोफळ
आँ?

चेनला_तेल
थांबा थांबा. तुमच्या गाळ्यात म्हणजे तुम्हीच भाड्याने दिलाय?

वैतागलो_०७
हो २०१९पासून. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, दर वेळी रिन्यू होतं. गाळा दिलाय, रस्ता दिलेला नाही. भाडं गाळ्याचं घेतो.

काणकोणची_ताई
गाळा आधीपासूनच होता का रे बाबा?

वैतागलो_०७
आधी आमचं गॅरेज होतं, शटर बसवून दिलं. म्हणून तर माझी गाडी बाहेर लावावी लागते ना.

शीतकडी
😂😂 चिरे आता तुमच्याच दारात आणून टाकायला हवेत.

चेनला_तेल
म्हणजे घराच्या नकाशात जे पार्किंग होतं त्याचं तुम्ही दुकान केलंत, त्याचं भाडं खाता, स्वतःची गाडी सायकलच्या पट्टीवर लावता, भाडेकरूच्याही गाड्या पट्टीवर, आणि वर इथे येऊन विचारता की हे काय चाललंय. अहो काका!

वैतागलो_०७
काका म्हणू नका, मी ४४चा आहे. पट्टी मे महिन्यात आली, मी तिथे २०१९पासून गाडी लावतोय. आधी कोण होतं? आणि मी एक गाडी लावतो, तो सात लावतो, दोन्ही सारखंच का? तुमच्यासारख्या लोकांमुळेच कोण मदत मागायला येत नाही.

चेनला_तेल
सायकलवाल्याला एक गाडी आली तरी वळसा घालून बसच्या पुढ्यातच जावं लागतं. सात काय आणि एक काय.

वकील_नाही_पण
भांडू नका. वैतागलो, आता माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि हे नीट वाचा. पंचायतीत अजून अर्ज दिला नसेल तर देऊ नका. पार्किंगला मंजूर असलेली जागा परवानगीशिवाय व्यावसायिक वापराला दिली असेल तर पंचायतीचा माणूस पाहणीला आला की त्याला गाड्यांच्या आधी तुमचं शटर दिसणार, आणि पहिली नोटीस तुम्हाला येणार. गॅरेजच्या वापरात बदल करायची परवानगी घेतली होती का?

वैतागलो_०७
त्या वेळी पंच म्हणाला होता बघू.

वकील_नाही_पण
म्हणजे घेतली नाही. मग तुमच्या हातात पोलिसांपेक्षा मोठी गोष्ट आहे, अ‍ॅग्रीमेंट. रिन्यू कधी आहे? त्यात एक ओळ घालून घ्या की गाड्या गेटसमोर आणि पट्टीवर लावायच्या नाहीत, लावल्या तर डिपॉझिटमधून कापणार. तो ऐकेल, कारण त्या रस्त्यावर दुसरा गाळा त्याला मिळायचा नाही.

रेंटवाला_बार्देश
बघा, भाडं कमी करून दिलंत तर पोरगा स्वतःच गाड्या दुसरीकडे नेईल. पावसात भाडं अर्धं करायला काय हरकत आहे?

वैतागलो_०७
भाडं कमी होणार नाही.

कोथरूडकर_जुना
पी-१, पी-२बद्दल कोणी काही बोललंच नाही.

माड_आणि_पोफळ
मला आठवतं, २०१७ला पोलिसांनी ती ट्रॅफिक सेंटिनेल योजना काढली होती, नियम मोडणाऱ्याचा फोटो पाठवायचा आणि पॉइंट मिळवायचे. तेव्हा आमच्या ओळखीचा एक जण हौसेने फोटो काढत फिरायचा, शेवटी सख्ख्या मेव्हण्याचाच फोटो गेला आणि चवथीला त्याला सासुरवाडीहून बोलावणंच आलं नाही.

काणकोणची_ताई
कायद्याचं राहू दे, पण गणपतीचं काय करणार? पाट डोक्यावर घेऊन शेवटची वीस पावलं चालत आणायचा की, आम्ही मळ्यातून दीड मैल आणायचो, त्यात पाऊस.

वैतागलो_०७
ताई मूर्ती साडेतीन फुटांची आहे, आणि भाऊ मुंबईहून गाडी घेऊन येतोय, त्याची गाडी कुठे लावू?

चेनला_तेल
गॅरेजमध्ये.

*(पाच दिवसांनी)*

वैतागलो_०७
अपडेट देतो, ज्यांनी नीट मदत केली त्यांच्यासाठी. सप्टेंबरात अ‍ॅग्रीमेंट संपतंय, ती ओळ घालायची असं भाडेकरूला सांगितलं. कुरकुरला पण तयार झाला. गेटसमोरची गाडी कालच काढली, गणपतीपुरतं तरी सुटलं. बाकीच्या त्याने पुढच्या वळणावर नेऊन लावल्या. तिथल्या घरचे आता माझ्याशी बोलत नाहीत, त्यांनी पण पेंटरकडून बोर्ड आणलाय, माझ्यापेक्षा मोठा.

चेनला_तेल
आणि तुमची स्वतःची गाडी?

वैतागलो_०७
ती आहे तिथेच आहे. चलान भरलं ना मी.

चेनला_तेल
म्हणजे पट्टी अजून बंदच.

वैतागलो_०७
पट्टी आहे की, हिरवीगार. सायकलवाल्यांनी जरा मधून जायचं, चवथीपर्यंत.

काणकोणची_ताई
मग तुमचा पदेर कुठून येतो रे?

वैतागलो_०७
पदेर दोन महिने झाले आमच्या बाजूला येतच नाही ताई, का ते माहीत नाही. सकाळी तिठ्यावर जाऊन पाव आणावे लागतात. गाडी काढूनच जातो, पण परत येईपर्यंत जागा गेलेली असते.